उतारवयातील नक्षीची करवत



केंद्र सरकारच्या सेवेत साठाव्या वर्षी निवृत्ती येते. आम्हांस ती दिसू लागली आहे. फायलीवरील शेरा फायलीबरोबर कपाटात जातो, हाताने घडविलेली वस्तू घरात राहते. म्हणून वेस्ट मांबलमच्या आमच्या बिऱ्हाडी आम्ही नक्षी कापण्याची विजेची करवत मांडली.

पातळ प्लायवूड आणि बारीक पाते, एवढेच भांडवल. पात्याचे दाते खालच्या दिशेस हवेत. आतील जाळीसाठी प्रथम भोक पाडून पाते त्यातून ओवावे. वळणावर लाकूड फिरवावे. घाई केल्यास पाते तुटते. भुशासाठी मुखपट्टी अवश्य बांधावी.

सावंतवाडीची लाकडी खेळणी आपण जाणतोच. इकडे नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर मरप्पाचीची लाकडी जोडी विराजते. आमच्या गणपतीच्या मखराची जाळी पुढे शेजाऱ्यांच्या कोलूत उभी राहिली.

ज्या मुलांना शाळेत देवनागरी भेटत नाही, त्यांच्यासाठी आता आम्ही अक्षरे कापतो. ‘ग’ आणि ‘ण’ यांचे दोन-दोन भाग केवळ शिरोरेषेने एकत्र राहतात, हे करवतीनेच आम्हांस शिकविले. मुळाक्षरे पुष्कळ आहेत. मदतीस हात हवे आहेत.