ब्रेक लावण्याची विद्या



गाडी पळविणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. ती नीट थांबविणाऱ्याची आठवण कोणाला होत नाही. कामगारांत वावरून जे थोडेफार शिकलो त्यावरून सांगतो, की थांबविणे ही स्वतंत्र विद्या आहे.

प्रथम हिशेब पाहू. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. ताशी 30 किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर 10 मीटरांत थांबत असेल, तर 60 च्या वेगाला तिला 40 मीटर हवेत. शिवाय चाक फिरत असते तोवरच त्याची पकड चांगली. जोराने दाबून ते जाम केले की गाडी घसरत जाते.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. चाक जाम होऊ न देणारी स्वयंचलित योजना या मोटारींना 1994 पासून वर्ज्य आहे. सारी भिस्त चालकाच्या पायावर. भरवेगात वाऱ्याचा दाब मोटारीला जमिनीवर रेटतो, म्हणून तो सुरुवातीस सर्वांत जोराने ब्रेक दाबतो आणि वेग उतरेल तसा पाय सैल करतो. वळणात शिरताना तर आणखी सैल. कारण चाकाची पकड ही आपल्या पगारासारखी आहे. भाड्यात गेले ते धान्याला उरत नाही. तसेच ब्रेकमध्ये खर्ची पडलेली पकड वळण्यासाठी उरत नाही.

आता आपल्या दादर स्टेशनावर या. तीच विद्या येथे लोकलचा मोटरमन दिवसभर चालवितो, आणि त्याच्यामागे हजारो माणसे उभी असतात. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड रस्त्यावरच्या रबरी चाकापेक्षा पुष्कळच कमी. म्हणून फलाटाच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक सुरू करावा लागतो. जुन्या गाड्यांतील बिडाच्या ब्रेक-ब्लॉकांची पकड वेग उतरताना वाढत जाई. शेवटी हात सैल केला नाही तर उभे उतारू एकमेकांवर आदळत. चाक जाम होऊन घसरले तर ते एका जागी चपटे होते, आणि पुढे तो ठकठक आवाज आपण डब्यात बसून ऐकतो. जून महिन्यातली पहिली रिमझिम तर फार फसवी. रुळावरचे तेल आणि धूळ भिजून निसरडे होते. मुसळधार पाऊस ते धुऊन तरी नेतो.

मंडळी, माझा मुद्दा येथे आहे. ताशी 60 च्या वेगात एका सेकंदात गाडी सुमारे 17 मीटर पुढे जाते. थकलेल्या माणसाचा हात एक सेकंद उशिरा हलला, तर ते 17 मीटर कोठून आणायचे? वेळापत्रकातले अर्धे मिनिट कापणे कागदावर सोपे असते. ते भरून काढण्यासाठी ब्रेक उशिरा लावण्याचा मोह मात्र चालविणाऱ्याच्या हाताला होतो. म्हणून पुरेशी विश्रांती आणि पावसाळ्यासाठी सैल वेळापत्रक या मागण्या मोटरमनच्या जितक्या, तितक्याच गाडीतल्या प्रत्येक उतारूच्या आहेत.

पहिल्या पावसात गाडी दोन मिनिटे उशिरा आली, तर रागावण्यापूर्वी एवढा हिशेब मनात आणावा, ही आपणांस विनंती.