कुंपणच माळ खाऊ लागले तर...

(अणशी येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हेत. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि आजवर बँकेत कारकुनी केली. त्यामुळे बोलणेही जमाखर्चासारखेच होईल. विषय मात्र आपल्या सर्वांच्या दारातला आहे. घर वाढते, परस घरात जाते आणि परसबाग गावच्या माळावर जाते.

हे कसे घडते ते आपण जाणतो. मुलाचे लग्न ठरते, एक खोली कमी पडते. खोली आपल्याच जागेत निघते, पण परस संपते. मग चार पोफळी, अळू, कोनफळ लावायचे कुठे? पाठीमागे माळ मोकळाच असतो. पहिल्या वर्षी गुरे शिरू नयेत म्हणून काट्यांची वई घालतो. दुसऱ्या वर्षी तार येते. तिसऱ्या वर्षी चिऱ्याचा गडगा उभा राहतो आणि आपण म्हणतो, ‘ही आमची वाडवडिलांची जागा!’

दुसऱ्याला सांगण्याआधी घरचे सांगतो. घर वाढवले तेव्हा आम्हीही कुंपण पाच हात पुढे सरकवले. त्या पाच हातांत पाणंद होती. शेजारच्या आजी म्हैस घेऊन तिथून ओहोळावर जात. त्या काही बोलल्या नाहीत, वळसा घालून जाऊ लागल्या. पुढे कर्जासाठी आमच्याच घराची कागदपत्रे काढली. रोज दुसऱ्यांच्या चतुःसीमा तपासणारे आम्ही, आमचीच चतुःसीमा जुळेना! तेव्हा कुंपण मागे घेतले. खरे तर आजींनी पहिला वळसा घातला त्याच दिवशी ते घ्यायला हवे होते.

कोणी म्हणेल, ‘सरकारने आमचे काय थोडे घेतले? धरणासाठी सुपा गाव पाण्याखाली गेले. १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली व्याघ्र प्रकल्प आला. मग आम्ही पाच हात घेतले तर काय बिघडले?’ हे दुःख खरे आहे. पण ते पाच हात सरकारच्या घरातून जात नाहीत. ज्याच्याकडे स्वतःचे कुरण नाही त्याच्या गुरांचे ते जातात, वाटेने जाणाऱ्याचे जातात. सरकारवरचा राग आपण शेजाऱ्यावर काढतो.

कायदाही समजून घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवली. त्या दिवशी वनजमीन प्रत्यक्ष ताब्यात असली, तरच तिच्यावर दावा चालतो. आदिवासी नसलेल्यांना त्यापूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. आपल्या जुन्या घराण्यांपाशी असा पुरावा निघू शकतो. पण जुन्या खाचराला लागून कालचे कुंपण असेल, तर मोजणीदाराला दोन्ही एकच दिसतात. जुन्या हक्काला नव्या अतिक्रमणाचा डाग आपणच का लावून घ्यावा?

‘बांधून टाकले की पुढे नियमित होते,’ असा एक समज आहे. पंजाबातल्या एका खेड्यात गावचे तळे बुजवून घरे बांधली गेली होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात ती नियमित करण्यास नकार दिला आणि गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याची योजना आखा, असे सर्व राज्यांना सांगितले. भूमिहीन मजुरांसारख्यांना अपवाद ठेवला, तो रास्तच आहे. तो पोटासाठी बसला आहे, आपण परसासाठी. बेंगळूरच्या उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तीही १९९१ साली याच न्यायालयाने रद्द ठरवली. जिथे रुग्णालयाला उद्यान मिळत नाही, तिथे आपल्या अळवाच्या वाफ्याला कोण विचारतो?

आणि गावाला खरोखर जागा हवी असेल, तर वाट आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळण्याची तरतूद याच वनहक्क कायद्यात आहे. सार्वजनिक कामाला कायदा दार उघडतो. खासगी बागेला मात्र उघडत नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. ग्रामसभेत ठराव करून माळ, पाणंद, पाणवठा आणि देवराई यांची मोजणी मागावी व हद्दीचे दगड घालावेत. ज्याचे कुंपण पुढे आले असेल, त्याने नोटिशीची वाट न पाहता ते मागे घ्यावे. त्याची नावनिशी कोणी विचारू नये. आणि घर वाढवायचेच असेल तर माडी चढवावी, आभाळात कोणाची पाणंद नाही.

कुंपणच शेत खाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे कुंपण शेत राखते, पण माळ खाते. गावात जुने म्हणून आपल्याला मान आहे. तो मान हद्द ओलांडण्याचा परवाना नाही, ती राखण्याची जबाबदारी आहे.

मोजणी होईल तेव्हा पहिला दगड आमच्या घरामागे घालावा, एवढी विनंती करतो आणि रजा घेतो.