एक वही, दोन बिऱ्हाडे



आम्ही शाळेत फार शिकलो नाही. काय ते युनियनच्या कचेरीत शिकलो. रांजणगाव शिरूर तालुक्यात, कुरकुंभ दौंड तालुक्यात. दोन्हीकडच्या कंत्राटी कामगारांची हजेरी आम्ही एकाच संगणकावर ठेवतो. शिरूरचा प्रोग्राम विंडोजवर चालतो, दौंडचा लिनक्सवर. म्हणून त्या संगणकाच्या पोटात दोन आभासी संगणक आहेत. घर एक, बिऱ्हाडे दोन! कंत्राटदार तोच माणूस कधी इकडे राबवतो, कधी तिकडे. तेव्हा हजेरी दोघांनाही दिसली पाहिजे. वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरतात. एक नोंद पुसली की माणूस २३९ वर येतो, आणि समोरचा वकील तेवढ्याचीच वाट पाहत असतो.

कोणी म्हणेल, हजेरीची डिस्क दोघांनाही जोडून द्या की! इथेच घात आहे. डिस्कवरची साधी मांडणी धरून चालते की, मालक आपण एकटेच. कोणती जागा रिकामी, याचे टिपण प्रत्येक बिऱ्हाड आपल्यापाशी ठेवते. दुसऱ्याने ती केव्हाच भरली, याची त्याला वार्ता नसते. ते तिथेच लिहिते. मग एक नोंद जात नाही, सबंध वहीच फाटते. क्यूईएमयू हा प्रोग्राम २०१७ पासून अशी डिस्क दोघांना लिहायला देण्याचेच नाकारतो. तो नकार मोडण्याचीही सोय आहे, आणि ती वापरणारे महाभागही आहेत.

दौंडकरांना हे निराळे सांगायला नको. एकेरी लोहमार्गावर टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. आणि दोन्ही स्थानकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर येई.

तेव्हा हजेरीचा फोल्डर घरमालकाच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या ताब्यात ठेवावा. बिऱ्हाडांनी सांबामार्फत त्याच्याकडे मागावे. डिस्कवर लिहिणारा तो एकटा. वही वाचली, पण पान अजून बिघडू शकते: दोघांनी एकच फाइल उघडली, तर मागाहून जतन करणाऱ्याचे राहते, आधीच्याचे जाते. फाइलला कुलूप लावता येते, परंतु ते दोन्ही प्रोग्रामांनी पाळले पाहिजे. आमचा भरवसा साध्या युक्तीवर आहे: शिरूरने शिरूरची फाइल लिहावी, दौंडने दौंडची, दुसऱ्याची नुसती वाचावी.

मुभाही तेवढीच द्यावी, सगळे घर उघडे टाकू नये. एका बिऱ्हाडात विषाणू शिरला, तर जिथवर लिहिण्याचा हात पोचतो तिथवर तो नासवतो. म्हणून रोज संध्याकाळी हजेरीची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी.