लग्नाचा शालू आणि मामाची पिवळी

घरात लग्न ठरले की कर्ती मंडळी याद्या करावयास बसतात. मंडप लहान करता येतो, एखादे पक्वान्न गाळता येते. परंतु शालूच्या आकड्याला हात लावावयास सहसा कोणी धजत नाही. शालू वरपक्षाने घ्यावयाचा की वधूपक्षाने, हे घराघरांच्या रीतीवर अवलंबून असते. त्यापायी होणाऱ्या कर्जाचे ओझे मात्र दोन्हीकडे सारखेच.

वास्तविक आपल्या परंपरेने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. पुष्कळ मराठी घरांत गौरीहर पुजावयास बसणारी वधू शालू नेसत नाही. ती नेसते मामाने आणलेली साधी पिवळी साडी. तिला अष्टपुत्री असे भारदस्त नाव असले, तरी किमतीचा बडेजाव तिच्यात नसतो. भाचीच्या अंगावर पडावयाची ती माया. तिची किंमत कोणी विचारीत नाही. म्हणजे साधे वस्त्र विवाहाला कमी पडते, असे आपल्या रूढीलाही वाटलेले नाही.

१९४२ साली अलाहाबादेस इंदिरा नेहरू यांचा विवाह झाला. तेव्हा त्या जी साडी नेसल्या, ती पंडित नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. अनुरूप भरजरी वस्त्र त्या घराला परवडले नसते, असे कोण म्हणेल?

तथापि हौसेलाही संसारात स्थान आहे, आणि कोणाला पैठणीच हवी असेल तर त्यात वावगे काही नाही. फक्त आपण दाम कशाचे मोजतो, हे जाणून घ्यावे. हातमागावरील पैठणीच्या पदरातला मोर एकेक रंगीत धागा हाताने गुंफून उमटवावा लागतो. भरगच्च पदराच्या साडीला त्यामुळे कित्येक महिनेही लागतात. तिची किंमत म्हणजे मुख्यतः विणकराच्या दिवसांची किंमत होय. यंत्रमागाची नक्कल त्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते. ती नक्कल म्हणून घेण्यात कमीपणा नाही. फसवणूक होते ती अस्सलाच्या भावाने घेतली म्हणजे. म्हणून दुकानात पदर उलटून पाहावा. हातविणीची नक्षी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखी दिसते. नकलेच्या पाठीशी सुटे वा कापलेले धागे आढळतात. हातमागासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आणि शुद्ध रेशमासाठी २००४ पासून ‘सिल्क मार्क’ या खुणा आहेत. त्याही मागून पाहाव्यात.

पैठणी आवाक्याबाहेरची असेल, तर सूत-रेशमाची माहेश्वरी आहे, टोपपदराची इरकल आहे. या साड्या पुढे सणावारीही नेसता येतात. केवळ एक दिवस मिरवून पेटीत पडणाऱ्या वस्त्रापेक्षा वरचेवर अंगाला लागणारे वस्त्र अखेर स्वस्तच पडते.

आणि एक करावे. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरात बसून आकडा ठरवावा, आणि ठरविताना नवऱ्या मुलीला जवळ बसवावे. तिच्या हौसेच्या नावाने कर्ज काढणाऱ्यांपैकी तिला विचारणारे थोडेच असतात. विचारून पाहा, ऋणमुक्त माहेर आणि ऋणमुक्त सासर हीच बहुतेक मुलींना शालूहून मोठी भेट वाटेल.