प्रखर प्रकाश आणि डोळ्यांची जपणूक

(यवतमाळ जिल्ह्यातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळच्या दुर्गोत्सवाचे नाव विदर्भात सर्वतोमुखी आहे. कोलकात्याखालोखाल येथलाच उत्सव, असे यवतमाळकर अभिमानाने सांगतात. त्या तुलनेचा निवाडा कोणीही करो. नवरात्राच्या रात्री कळंब, बाभूळगाव, नेर, दारव्हा या बाजूंच्या खेड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे देखावे पाहावयास शहरात येतात, हे मात्र खरे. रोषणाई ही उत्सवाची शोभा आहे आणि तिच्याविरुद्ध कोणाचीच तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो गेल्या काही वर्षांत मिरवणुकांत शिरलेल्या एका निराळ्याच प्रकाशाचा, म्हणजे लेसरच्या झोताचा.

२८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी होती. त्या वर्षीच्या गणेशविसर्जन मिरवणुकांनंतर नाशिक, कोल्हापूर आदी ठिकाणच्या नेत्रतज्ज्ञांकडे काही तरुण एकच तक्रार घेऊन आले. एका डोळ्याने समोरचे दिसत नाही, मधोमध काळा डाग दिसतो, असे ते सांगत होते. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, मारही लागलेला नव्हता. आतील दृष्टिपटल तपासले तेव्हा तेथे भाजल्याच्या आणि रक्तस्रावाच्या खुणा आढळल्या. हे तरुण मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर नाचले होते आणि तेथे लेसरचे झोत गर्दीवर फिरत होते.

साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो व अंतराबरोबर क्षीण होत जातो. लेसरचा प्रकाश पसरत नाही. १९६० साली थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पहिला लेसर प्रज्वलित केला, तेव्हापासून या गुणामुळेच तो कारखान्यात पत्रा कापण्यास आणि रुग्णालयात शस्त्रक्रियेस उपयोगी पडला. मधुमेहाने बिघडलेल्या दृष्टिपटलावर नेत्रतज्ज्ञ लेसरनेच उपचार करतात. म्हणजे दृष्टिपटलावर मोजून मापून लहान लहान चटके देतात. जे काम तज्ज्ञ डॉक्टर डोळा स्थिर धरून आणि जागा निवडून करतो, तेच काम मिरवणुकीतला झोत आंधळेपणाने करतो.

यात डोळ्याची रचनाच डोळ्यावर उलटते. पारपटल आणि भिंग मिळून बाहेरून आलेले किरण दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा करतात. रात्रीच्या अंधारात बाहुली विस्फारलेली असते. अशा वेळी बाहुलीत शिरलेला लेसरचा झोत दृष्टिपटलावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाखपट तीव्र होतो. भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळण्याचा खेळ लहानपणी सर्वांनीच केला आहे. येथे भिंग डोळ्याचे असते आणि कागदाच्या जागी दृष्टिपटल असते. झोताकडे सरळ पाहत असताना तो पडला, तर चटका नेमका पीतबिंदूवर बसतो. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी कामे या इवल्याशा जागेवर अवलंबून असतात.

लेसरचे त्याच्या शक्तीनुसार वर्ग पाडलेले आहेत. एक मिलिवॅटपर्यंतचा दृश्य लेसर डोळ्यावर पडला, तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्याने बहुधा निभावते. पाचशे मिलिवॅट, म्हणजे अर्ध्या वॅटच्या वरचे सारे लेसर चौथ्या, सर्वांत धोकादायक वर्गात मोडतात. मिरवणुकीत भाड्याने येणारी यंत्रे पुष्कळदा कित्येक वॅटची असतात. त्यांच्यापुढे पापणीचा वेग अपुरा पडतो. पापणी मिटण्याआधीच इजा होऊन गेलेली असते.

परदेशांतील रंगमंचांवरही लेसर वापरतात, मग तेथे काय करतात, असा प्रश्न कोणी विचारील. अमेरिकेतील नियमांनुसार असे झोत प्रेक्षक उभे असलेल्या जमिनीपासून किमान तीन मीटर उंचीवर राखावे लागतात. हा दंडक मोडला तर काय होते, ते जुलै २००८ मध्ये रशियात दिसले. मॉस्कोजवळच्या एका खुल्या संगीत महोत्सवात पावसामुळे वर तंबू ताणले होते. आकाशाकडे जावयाचे झोत गर्दीवर वळले आणि सुमारे तीस जणांच्या दृष्टीला इजा झाली.

आता आपल्याकडची मिरवणूक डोळ्यांपुढे आणावी. यंत्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बांधलेले असते. रस्ता खड्ड्यांचा. चाक खड्ड्यात गेले की वर रोखलेला झोत क्षणार्धात खाली, नेमका नाचणाऱ्यांच्या चेहऱ्यावर येतो. शेजारच्या दुकानाची काच आणि मोटारीचा आरसा तो परतवतात. गच्चीवरून लेकरू कडेवर घेऊन पाहणाऱ्या बायाबापड्यांच्या तर तो सरळ डोळ्यांच्या पातळीवर असतो. तीन मीटरचा दंडक येथे कागदावरही पाळता येणार नाही.

या इजेला बळी पडतो तो बहुतांशी अठरा ते पंचवीस वर्षांचा तरुण. कापसाच्या या जिल्ह्यात पहाटे उठून पोलीस भरतीसाठी रस्त्याने धावणारी मुले गावोगाव दिसतात. भरतीत छाती मोजतात, उंची मोजतात आणि डोळेही तपासतात. वर्षानुवर्षांची मेहनत त्या एका तपासणीत थांबू शकते. काहींच्या डोळ्यांतील रक्त काही महिन्यांत विरते व दृष्टी सुधारते. पीतबिंदूला छिद्र पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. परंतु जळालेला भाग पूर्ववत करणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही.

शिवाय दुसरा डोळा चांगला असल्याने कित्येकांना इजा झाल्याचे लवकर कळतही नाही. येथे शिक्षकांना एक सोपी चाचणी घेता येईल. गणिताची चौकटीची वही हातभर अंतरावर धरावी, मध्यभागी एक ठिपका काढावा आणि एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे पाहावयास सांगावे. रेषा वाकड्या दिसल्या, तुटक दिसल्या किंवा मधली चौकट नाहीशी झाली, तर त्या विद्यार्थ्यास विलंब न लावता यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्ररोग विभागात अथवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. जत्रेत खेळण्यांच्या दुकानांवर मिळणाऱ्या हिरव्या लेसर बत्त्यांकडेही शिक्षकांनी लक्ष द्यावे. चिठ्ठीवर छापलेल्या शक्तीपेक्षा त्यांची खरी शक्ती अधिक असल्याचे मोजणीत अनेकदा आढळले आहे.

प्रखर प्रकाशाची दुसरी इजा जुनी आणि ओळखीची आहे. वणी, पुसद, दिग्रस, पांढरकवडा येथे ट्रॉल्या, फाटके, लोखंडी खिडक्या बनविणाऱ्या कारागिरांना ती नवी नाही. वेल्डिंगच्या ज्योतीतून निघणारे अतिनील किरण दृष्टिपटलापर्यंत सहसा पोहोचत नाहीत; ते वरचे पारपटल भाजतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. सुदैवाने हे पटल एकदोन दिवसांत भरून येते. मात्र दुधाचे थेंब, मध, झाडपाल्याचा रस यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि औषधाच्या दुकानातून आणलेले बधिरतेचे थेंब वारंवार घातल्यास पटलाचे भरून येणेच थांबते. थंड पाण्याच्या घड्या, विश्रांती आणि डॉक्टरांचा सल्ला एवढे पुरेसे असते. कारागीर निदान काच तरी डोळ्यांपुढे धरतो. यंत्र धरून शेजारी उभा राहणारा पोऱ्या उघड्या डोळ्यांनी पाहत असतो. ग्रामपंचायतीच्या कामावर वेल्डिंग चालू असेल, तर त्या पोऱ्यालाही काच मिळाली की नाही, हे सदस्यांनी जातीने पाहावे.

मोबाइलच्या पडद्याने वा घरातल्या एलईडी दिव्याने दृष्टिपटल जळते, असा एक समज पसरला आहे. त्याला आधार नाही. समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांनी डोळे दिपतात व अपघात होतात, हे खरे. पण त्या दिपण्याने दृष्टिपटलाला इजा होत नाही.

राहिला कायद्याचा भाग. ध्वनिप्रदूषणासाठी २००० सालापासून स्वतंत्र नियम आहेत. मिरवणुकीतल्या लेसरसाठी तसे स्वतंत्र नियम नाहीत. तरीही अधिकारी हतबल नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जिल्हादंडाधिकारी व उपविभागीय दंडाधिकारी मनाईचा आदेश काढू शकतात. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे शहर पोलिसांनी लेसर झोतांवर बंदी घातली होती. दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणारे अविचारी कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा ठरते.

असा आदेश काढणे ग्रामपंचायतीच्या अधिकारात नाही. ग्रामसभेचा ठराव करून तो ठाणेदार आणि तहसीलदारांकडे पाठविणे मात्र तिच्या हाती आहे. त्याची वेळ महत्त्वाची आहे. मंडळे वाजंत्री आणि रोषणाईची सुपारी उत्सवाच्या कितीतरी आधी देतात. एकदा विसार दिला गेला की मंडळाचा अध्यक्ष पैशांच्या भीतीने मागे हटत नाही आणि ऐन मिरवणुकीत पोलिसांशी वाद उभा राहतो. तेव्हा ठराव श्रावणातच व्हावा आणि मंडळांची बैठक त्याच आठवड्यात बोलवावी. रंगीत दिवे, दिव्यांच्या माळा, पारंपरिक मशाली यांना हरकत नाही, लेसर यंत्र मात्र ट्रॉलीवर चढणार नाही, असे सुपारीच्या कागदावरच लिहून घ्यावे. यंत्र भाड्याने देणारे बहुधा बाहेरगावचे असतात. कागदावर काय लिहिले आहे, ते पाहूनच ते सामान गाडीत भरतात.