भीमगीतांनी घराघरांत काय पोहोचवलं?

नागपूरच्या दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशी 22 प्रतिज्ञा दिल्या गेल्या. पण ज्या घरांत अक्षरओळखच नव्हती, तिथे त्या रुजवायच्या कशा? माझ्या मते हे काम मोठ्या प्रमाणावर बाबासाहेबांवरच्या गाण्यांनी, म्हणजे भीमगीतांनी केलं. लोककवी वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी अक्षरं शिकले आणि गावोगावी गात फिरले. शिक्षण, संघटन, स्वाभिमान हे विषय त्यांनी रोजच्या बोलीत आणले. बारशापासून लग्नापर्यंतच्या प्रसंगांना आता नवी गाणी मिळाली, आणि जुना विधी सोडल्यावर घर सुनं राहिलं नाही. धर्मांतर टिकायला हे फार महत्त्वाचं होतं.

यावर आक्षेप असा, की कॅसेट आल्या, सिनेमाच्या चाली आल्या आणि विचार पातळ झाला. काही गाण्यांबाबत ते खरंच आहे. नुसत्या जयघोषाने प्रबोधन होत नाही. पण ओळखीची चाल असली की शब्द एका ऐकण्यात पाठ होतात, आणि कॅसेटमुळे गायक न येताही वस्तीत गाणं पोहोचलं. गायक प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणीही गायली आणि भीमगीतंही. म्हणजे लोकांच्या कानाला सवयीचा असलेला भक्तीचा आवाजच समतेचा आशय सांगू लागला. गाण्याने जमीन किंवा नोकरी मिळत नाही, हेही मान्य. मात्र हक्क मागायला उभं राहणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही, हे या गाण्यांच्या कोरसमधून आधी कळलेलं असतं.