शक्तिमान आणि खरे वीर

१९९७ सालीं दूरदर्शनवर सुरू झालेली ‘शक्तिमान’ मालिका बालप्रेक्षकांनीं नुसती पाहिली नाहीं, ती खरी मानिली. आपण संकटांत सांपडलों कीं तो धांवून येईल, या भाबड्या समजुतीनें कांहीं मुलांनीं जीव धोक्यांत घातल्याचीं वृत्तें प्रसिद्ध झालीं. असें साहस करूं नका, हें नायकालाच पडद्यावरून सांगावें लागलें. मुलांची श्रद्धा हा दोष नव्हे. ती कोठें ठेवावी, हें शिकविणें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य.

महाडांत २४ ऑगस्ट २०२० रोजीं पांचमजली इमारत कोसळली. दुसऱ्या दिवशीं ढिगाऱ्यांतून चार वर्षांचा बालक जिवंत निघाला. त्याला काढणाऱ्या पथकाला उडतां येत नव्हतें. पोलादपूर तालुक्यांतील उमरठच्या तानाजीनेंही १६७० सालीं कोंढाणा मावळ्यांसह कडा चढूनच गांठला, हें मुलांना सांगावें.